कुलूपवाल्याचा डावा हात

तिला सगळे काचवाली म्हणत, पण तिने आयुष्यात कधी काच विकली नाही. ती दुकानांच्या काचांवर नावं रंगवायची. तीसुद्धा आतल्या बाजूने, म्हणजे पावसाचं पाणी अक्षरांना लागत नाही आणि जाता-येता कुणी नखाने रंग खरवडत नाही. आता रंगवायचं आतून आणि वाचायचं बाहेरच्यांनी म्हटल्यावर अक्षरं उलटी काढावी लागतात आणि ओळ उजवीकडून डावीकडे न्यावी लागते. इतर रंगारी त्यासाठी पातळ कागदावर सुलटं नाव काढतात, तो कागद काचेला बाहेरून चिकटवतात आणि त्यातून पलीकडे दिसणारी उलटी अक्षरं आतून गिरवतात. काचवालीला कागद लागत नसे. बाजारातल्या निम्म्या दुकानांची नावं तिने नुसत्या नजरेने उलटी उतरवली होती. काम संपलं की काचेकडे पाठ करून एक मोठा आरसा समोर धरायचा, त्यात नाव एकदा सुलटं वाचायचं आणि ब्रश धुवायला घ्यायचे. दुकानदार बाहेर जाऊन खात्रीसुद्धा करत नसत.

हे सगळं ती डाव्या हाताने करायची. आपल्या भाषेत एखाद्याला टाळण्याला डावलणं म्हणतात. हा शब्द ज्याने कुणी काढला तो पक्का उजवा असणार, असं तिचं ठाम मत होतं.

धाकटी डावरी निघाली तेव्हा काचवालीला कोण आनंद झाला. थोरला बापाच्या वळणावर गेला, त्याचं काही नाही, पण ही आपली. धाकटी चालायच्या आधी चित्रं काढायला लागली असं ती लोकांना सांगे. ते सोडून द्या, आईची जीभ आहे. पण मुलगी घोडे फार सुंदर काढायची हे मात्र खरं. तिचे घोडे कागदावर उभेच राहत नसत, कडेने बाहेर निघून जात.

ते घोडे अलीकडे बंद झाले होते. शाळेत शाईने लिहायला लावलं तेव्हापासूनची गोष्ट. डाव्या हाताने डावीकडून उजवीकडे लिहिलं की हात ओल्या शाईवरून फिरतो. धाकटीची करंगळी आणि तिच्या खालची तळहाताची कड रोज काळी होऊन घरी यायची. वही बरबटायची ती वेगळीच. वर्गातल्या पोरांनी तिचं नाव काळी करंगळी ठेवलं. बाकावर शेजारची मुलगी उजवी, त्यामुळे लिहिताना दोघींची कोपरं आपटायची, आणि ठपका दर वेळी धाकटीवर. शेवटी एक दिवस तिने कुणालाही न विचारता पेन उजव्या हातात घेतलं. अक्षराचे कोंबडीचे पाय झाले. घोडाही उजव्याने काढून बघितला, तो लंगडा निघाला, तेव्हा तिने रंगपेटी कपाटावर टाकली. डावा हात ती आता फ्रॉकच्या खिशात घालून फिरायची.

काचवाली शाळेत गेली होती. शाळेतल्या बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही काही सक्ती केलेली नाही हो. तिचं तिनंच बदललं." दुखणं नेमकं तेच होतं. सक्ती असती तर काचवाली भांडली असती, भांडण तिला झकास जमायचं. पण पोरीने स्वतःच स्वतःचा हात खिशात कोंबला, तिथे भांडायचं कुणाशी? तिने समजावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, स्वतःचा हात पुढे करून "मी नाही का डावरी?" असंही विचारलं. धाकटी म्हणाली, "तू आई आहेस." म्हणजे तू मोजण्यात नाहीस. काही गोष्टी सांगून भागत नाहीत, त्या दाखवाव्या लागतात, हे काचवालीच्या ध्यानात आलं. आणि दाखवायला तिच्याकडे एक माणूस होता.

तो म्हणजे कुलूपवाला.

काचवाली धाकटीहूनही लहान असताना दूध डेअरीच्या मागच्या मैदानात फिरता सिनेमा आला होता. दोन खांबांना कापडाचा पडदा बांधलेला, समोर बाकं मांडलेली. पुढे जागा नाही म्हणून तिच्या वडिलांनी तिला पडद्याच्या मागे नेलं. वडील तेव्हा डेअरीची दूधगाडी चालवायचे. गाडीतले दोन रिकामे क्रेट त्यांनी गवतावर पालथे घातले आणि बापलेक त्यांवर बसले. कापड पातळ होतं, मागूनही सगळं दिसायचं. फक्त पाट्या उलट्या दिसायच्या. ती नुकतीच अक्षरं जुळवायला शिकत होती, तेव्हा सिनेमाचं नाव तिने उलटंच वाचायला घेतलं आणि वाचलंही. उलट्या अक्षरांशी तिची दोस्ती झाली ती तिथे, आणि पुढे त्याच दोस्तीवर तिचं पोट चाललं. सिनेमा मैदानात असेपर्यंत वडिलांनी तिला रोज संध्याकाळी तो एकच सिनेमा दाखवला.

सिनेमा असा. एका गावात एक कुलूपवाला असतो. जगातलं कुठलंही कुलूप तो कान लावून, तार फिरवून उघडतो, आणि तेही डाव्या हाताने. गाव त्या हाताला नावं ठेवतं. हा हात चांगला नव्हे, हा हात दूर ठेवा, असं बायाबापड्या मुलांना सांगतात. कुलूपवाला मान खाली घालून हात खिशात ठेवतो. मग एकदा बँकेच्या तिजोरीच्या खोलीत एक लहान मुलगी चुकून बंद होते. साहेबाची किल्ली अडकून तुटते, लोहार येतो, फौजदार येतो, कुणाचं काही चालत नाही. शेवटी कुलूपवाला पुढे येतो, खिशातून हात काढतो, सगळ्या गावासमोर वर धरतो आणि म्हणतो, "हाच तो हात." आणि दार उघडतं.

काचवालीच्या लहानपणी घराचा कारभार तिच्या मोठ्या आत्याकडे होता. आत्या तिचा डावा हात जेवताना रिबिनीने खुर्चीला बांधायची. त्यात द्वेष नव्हता, सुधारणा होती. पण कुलूपवाला पाहिल्यानंतर ती रिबीन काचवालीला बांधू शकली नाही. हात बांधलेला असे, आणि ती मनात म्हणे, हाच तो हात. पुढे आत्याच कंटाळली. आपण आज जे काही आहोत ते त्या माणसाने केलं, असं काचवाली मानायची. त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं, पण जगातल्या कुठल्याही थोर माणसापेक्षा तिला तो थोर वाटायचा.

हा सिनेमा तिने मुलांना तोंडी इतक्या वेळा सांगितला होता की बरणीचं घट्ट झाकण उघडलं तरी घरात कुणीतरी "हाच तो हात" म्हणायचंच. फक्त बघितला मात्र कुणीच नव्हता. तो पुन्हा कधी लागला नाही, कुठे मिळाला नाही. आणि अचानक थोरल्याला तो सापडला. जुने सिनेमे जमवणाऱ्या कुणीतरी इंटरनेटवर टाकला होता. थोरला म्हणाला, "आई, तुझा कुलूपवाला," आणि काचवालीने हातातला कप तसाच खाली ठेवला.

सुट्टीच्या दुपारचा बेत ठरला. नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा, आणि लोकांचे नळ नेमके सुट्टीलाच तुंबतात, म्हणून तो घरी नव्हता. आजोबा मात्र आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते. आजोबा म्हणजे दूधगाडीवाले, काचवालीचे वडील. माणूस अबोल. उभ्या जन्मात त्यांनी कुणाशी वाद घातला नव्हता, थोरल्या बहिणीशी तर नाहीच. त्यामुळे त्या दुपारी त्यांनी जी चुळबुळ लावली होती तिचं काचवालीला नवल वाटलं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "जुना सिनेमा. पोरं पेंगतील."

"पेंगत नाहीत."

"मला वाटलं त्याची रिळं जळाली म्हणून. असं ऐकलं होतं कुठंतरी."

"नाही जळाली, बाबा. बसा तुम्ही."

आजोबा बसले. थोड्या वेळाने त्यांनी थोरल्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, "काय रे, हा टीव्ही मागच्या बाजूनं नाही ना दिसत?"

थोरल्याने त्यांच्याकडे पाहिलं. "मागे वायरी आहेत, आजोबा."

"हं," आजोबा म्हणाले. "तेच विचारत होतो."

काचवालीने पडदे ओढले, मक्याच्या लाह्यांचं भांडं मध्ये ठेवलं आणि धाकटीला अंगाशी घेऊन बसली. धाकटीचा डावा हात खिशात होता. असू दे, तासाभरात निघेल, काचवाली मनात म्हणाली. सिनेमाचं नाव आलं. ते तिने आयुष्यात पहिल्यांदा सुलटं वाचलं आणि तिला हसू आलं. मग गाव आलं, गल्ली आली, दुकान आलं. सगळं जसंच्या तसं होतं, ओळखीचं होतं, पण घर तेच आणि दरवाजा भलत्या बाजूला असं काहीसं तिला वाटत राहिलं. मग कुलूपवाला आला. तोच तो, खप्पड गालांचा, शांत डोळ्यांचा. तिचा ऊर भरून आला. त्याने कुलूप हातात घेतलं, कान लावला, तार उचलली.

उजव्या हाताने.

काचवालीला वाटलं, एखाद्या वेळी घेतली असेल. पण पुढचं कुलूपही त्याने उजव्यानेच उघडलं. चहाचा पेलाही उजव्याने धरला, सहीसुद्धा उजव्यानेच केली. खोलीत लाह्या खाण्याचा आवाज थांबला होता. आजोबा छताकडे बघत होते.

"आई," धाकटी म्हणाली, "हा तर उजवा आहे."

"थांब जरा. पुढं बघ."

पुढे गावातल्या बायका मुलांना मागे ओढत होत्या, हा हात चांगला नव्हे, म्हणत होत्या. थोरल्याने सिनेमा थांबवला. पोरगा हुशार, पण वेळ-काळ न बघणारा. "अगं आई, ते डाव्या हाताचं नाहीच बोलत. ते चोराचा हात म्हणतायत. ज्याला कुठलंही कुलूप उघडता येतं तो चोरी करील, म्हणून भितात ते. यात डाव्या-उजव्याचं काही नाहीच."

"ही प्रत उलटी छापलेली असणार," काचवाली म्हणाली.

"नाव तर सुलटं आलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धाकटीने लाह्यांचं भांडं जवळ ओढलं, उजव्या हाताने, आणि अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "बघ, तोपण उजव्यानंच करतो." आईला हिणवायचं तिच्या मनातसुद्धा नव्हतं. हिशेब जुळला, एवढंच. पोरीचा हात खिशातून काढायला ज्याला बोलावलं त्यानेच खिशाला टाका घातला होता.

"मी खोटं नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलंय. रोज बघितलंय. बाबा, तुम्ही सांगा. होता ना तो डावरा?"

आजोबांनी छतावरून नजर खाली आणली. "तुझ्याकरता होता," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, आपण मागून बघायचो."

काचवालीने कपाळावर हात मारून घेतला, डावाच. उलटी अक्षरं हे जिचं पोट, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत करण्यात जिची हयात गेली, आणि पाट्या उलट्या दिसायच्या हे जी दहा जणांना अभिमानाने सांगायची, तिच्या हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं की पाट्या उलटतात तर माणूसही उलटतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवाच अंधारात बसला होता. ती हसायला लागली. थोरला हसला, आजोबाही हसले. धाकटी तेवढी हसली नाही.

"म्हणजे तो डावरा नव्हताच," ती म्हणाली. "पडद्यामागं बसलात म्हणून तसा दिसला. पुढं जागा असती तर, आई, तुला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"जागा?" आजोबा म्हणाले. "जागा होती की. निम्मी बाकं रिकामी असायची."

काचवालीचं हसू जागीच राहिलं. "तुम्ही तर म्हणायचात, पुढं जागा नाही."

"म्हणायचो."

आता आजोबांना बोलणं भाग होतं, आणि बोलायचं म्हणजे त्यांना गाडी चढावर नेण्यासारखं. त्यांनी पाय पोटाशी घेतले. "पहिल्या दिवशी मी एकटाच गेलो होतो," ते म्हणाले. "पुढं बसलो, बाकावर. मध्येच विडी ओढायला उठलो, लोकांना धूर नको म्हणून पडद्यामागं गेलो. वळून बघतो तर काय, तो गडी डावरा झालेला. आणि लोक म्हणतायत, हा हात चांगला नव्हे. मी विडी पेटवलीच नाही." ते थांबले. "घरी तुझ्या आत्यानं तुझा हात बांधलेला असायचा. मला ते बघवायचं नाही. पण अक्काला काही बोलणं माझ्यानं कधी झालं नाही, तुला माहीत आहे. बोलता येत नाही तर निदान दाखवावं म्हटलं. दुसऱ्या दिवशी गाडीतनं क्रेट काढले."

उजव्या हाताने केलेलं डाव्या हाताला कळू देऊ नये अशी शिकवण असते. आजोबांनी ती शब्दशः पाळली होती. काचवालीला रिकामी बाकं दिसायला लागली, एका ओळीत मांडलेली, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून पडद्याच्या मागे, दवाने ओल्या गवतात, दिवसभर गाडी हाकून दमलेला एक माणूस पालथ्या क्रेटवर बसलेला दिसला. त्याला सिनेमा पाठ झाला होता आणि त्यातलं उलटं अक्षरही धड वाचता येत नव्हतं. तो रोज येऊन बसला. आणि एवढी वर्षं आपण कुलूपवाल्याला थोर म्हणत आलो. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

"झालं काय रडायला," आजोबा म्हणाले. "सिनेमा लावा रे पुढचा."

"थांबा," धाकटी म्हणाली.

ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. तिथे दाराआड आईचा कामाचा आरसा जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला असे. तो तिला उचलेना, तेव्हा थोरला मदतीला गेला. दोघांनी आरसा आणून टीव्हीच्या समोरच्या भिंतीशी दोन खुर्च्यांवर टेकवला, आणि धाकटीने सगळ्यांना टीव्हीकडे पाठ करून बसायचा हुकूम सोडला. आजोबांना गुडघ्यामुळे फिरायला वेळ लागला. सिनेमा पुन्हा सुरू झाला. आरशात गाव उलटं झालं होतं, दरवाजे जिथल्या तिथे आले होते. बँकेसमोर गर्दी जमली, किल्ली तुटली, लोहाराने हात टेकले. कुलूपवाला पुढे आला. त्याने खिशातून हात काढून वर धरला. डावा. आणि मायलेकी, आजोबा, थोरला सगळे एका सुरात म्हणाले, "हाच तो हात."

दार उघडलं. कोंडलेली मुलगी बाहेर आली. काचवालीने चोरून पाहिलं. धाकटीचा हात खिशातून निघाला होता, पण मांडीवर नुसताच पडला होता, हा आपलाच की दुसऱ्या कुणाचा असा.

"मजा आली," धाकटी म्हणाली. मग जरा वेळाने, "पण आजोबा, हे खरं नाही ना. आरसा काढला की तो उजवाच."

मुलगी कशी होती पाहा. फसवून घ्यायलाही तयार नव्हती. काचवालीला तिचा अभिमानही वाटला.

"उजवाच," आजोबा म्हणाले. "आणि नट होता तो. त्याला खरं कुलूप उघडता येत होतं की नाही, देव जाणे." त्यांनी आरशातूनच नातीकडे पाहिलं. "मी तुझ्या आईला मागनं दाखवला, कारण माझ्याकडं दुसरं कुणी नव्हतं दाखवायला. मी उजवा, अक्का उजवी, सगळं गाव उजवं. तुझं तसं आहे का? हातच्या काकणाला आरसा कशाला? आईला काम करताना बघितलंयस कधी?"

धाकटीने बघितलं नव्हतं. काचवालीचं काम दुकानं उघडायच्या आत चाले, तेव्हा मुलं शाळेत असत. संध्याकाळी तिला दिसे ती स्वयंपाक करणारी, वह्या तपासणारी, ओरडणारी आई. त्या आईला मोजण्यात कोण धरील.

"उद्या सुट्टी आहे," काचवाली म्हणाली. "चष्म्याच्या दुकानाचं काम आहे. येतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघाले. आजोबांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते चपला घालून दारात आधीच उभे होते. चष्मेवाल्याने दुकान उघडून दिलं आणि तो चहा प्यायला समोर गेला. काचवालीने काच पुसली, खडूने एक रेघ मारली आणि ब्रश उचलला. मग ती आई राहिलीच नाही. तिची पाठ ताठ झाली, श्वास हळू झाला. डावा हात काचेच्या उजव्या कडेला टेकला आणि डावीकडे निघाला, आणि त्याच्या मागे दुकानाच्या मालकाचं नाव उलटं, गोल, चकचकीत उमटत गेलं. ब्रश कुठे अडखळला नाही, की रंग ओघळला नाही. धाकटी स्टुलावर बसून बघत होती. मध्येच तिने विचारलं, "कागद का नाही लावलास?" काचवाली म्हणाली, "लागत नाही." एवढंच. उगाच फुशारकी नाही. धाकटीने मान हळूच वाकडी केली आणि आईकडे असं पाहिलं, जसं आदल्या दिवशी कुलूपवाल्याकडे पाहायला हवं होतं.

मोठी ओळ झाली. खाली लहान ओळ उरली होती, 'चष्मे' एवढा एकच शब्द. त्याच्यासाठी मात्र काचवालीने घरून कागद आणला होता. ती बाहेर गेली, तो काचेला चिकटवला आणि आत येऊन एक बारीक ब्रश धाकटीपुढे धरला.

"मी?"

"आणखी कोण आहे इथं?"

धाकटीने ब्रश घेतला. उजव्या हातात. काचवालीने दुसरीकडे बघून डब्याचं झाकण लावायला घेतलं आणि ते तीनदा लावलं. पाठीमागे बराच वेळ काही हाललं नाही. मग स्टूल सरकल्याचा आवाज झाला. तिने वळून बघितलं तेव्हा ब्रश डाव्या हातात होता आणि 'च'ची रेघ उतरत होती.

उजवीकडून डावीकडे. रंगवलेलं मागे राहत होतं आणि हात पुढच्या कोऱ्या काचेवर सरकत होता. 'ष्म' जरा जाड झाला. वरच्या मात्रेला तिने जीभ बाहेर काढली. शब्द संपला तेव्हा तिने सवयीने करंगळी उलटी करून बघितली. बघतच राहिली. मग तळहाताची कड बघितली.

"आई, लागलंच नाही."

"नाही लागत," काचवाली म्हणाली. "हे काम उजव्यांना जड जातं. त्यांचा हात ओल्यावरून फिरतो. बिचाऱ्यांची करंगळी काळी होते."

धाकटीला ते बिचारे एवढे आवडले की ती खुदकन हसली. आणि त्या हसण्यात काहीतरी सुटलं हे काचवालीला कळलं, कुलूप सुटल्याचा आवाज कान लावून बसलेल्याला कळावा तसं.

बाहेर आजोबा फुटपाथवर उभे होते. आतून काचवालीने खूण केल्यावर त्यांनी कागद अलगद सोलून काढला. त्यांनी खिसे चाचपले, चष्मा घरी राहिला होता. तेव्हा ते दोन पावलं मागे गेले, डोळे बारीक केले आणि वाचलं. काचेमुळे आवाज आला नाही, पण ओठ दिसले: च-ष्मे. या खेपेला ते पुढच्या बाजूला होते, सगळी अक्षरं त्यांना सुलटी होती. ते जवळ आले आणि त्यांनी उजव्या हाताचा पंजा काचेवर ठेवला.

धाकटीने आतून आपला डावा पंजा त्यावर ठेवला. दोन्ही हात बरोबर जुळले, अंगठ्याला अंगठा, करंगळीला करंगळी.

"जरा खाली धरा दोघं," काचवाली म्हणाली. "रंग ओला आहे."